‘तुम्ही सांगाल तसं’ म्हणणारी मुलगी आणि येता 1 जून

वाचकाचे पत्र

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. यजमान एस.टी.त आहेत आणि मी घरी मशीनवर शाळेच्या गणवेशांचे शिलाईकाम करते. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. चार वर्षांपूर्वी बालकल्याण समितीच्या आदेशाने वैष्णवी (नाव बदलले आहे) प्रतिपालकत्वाखाली, म्हणजे दत्तक न घेता सांभाळण्यासाठी (फॉस्टर केअर), आमच्याकडे आली. त्याआधी ती सातव्या वर्षापासून बालगृहात होती. वडील वारले आहेत आणि आई दुसरे लग्न करून गेली आहे, तिचा काहीच संपर्क नाही. वैष्णवी आता बारावीत आहे आणि येत्या 1 जूनला तिला अठरा पूर्ण होतील. तिला नर्सिंग करायचे आहे, असे ती एकदाच म्हणाली होती. एरवी काहीही विचारले, तर ‘तुम्ही सांगाल तसं’ एवढेच उत्तर मिळते. गेल्या महिन्यात तिचे सख्खे काका इतक्या वर्षांनी दारात उभे राहिले. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. त्यांच्या पाहण्यात एक चांगले स्थळ आहे आणि जूननंतर ते तिला घेऊन जाऊ म्हणतात. माझ्या नणंदेचे म्हणणे आहे की लग्न लागले की आपली जबाबदारी संपली. यजमान गप्प आहेत. अनुदानही बंद होणार, याची त्यांना काळजी आहे. माझे मन मात्र घेत नाही. तिने चार वर्षांत आम्ही दिलेल्या कपाटात कपडे लावलेले नाहीत, अजून बॅगेतूनच काढते आणि बॅगेतच ठेवते. हिला जगात उभे राहण्यासाठी तयार कसे करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, 1 जूनला नेमके काय बदलणार आहे ते आधी पाहू, कारण तुमच्या घरातली बरीचशी धास्ती ती तारीख नीट न उलगडल्यामुळे आहे. त्या दिवशी प्रतिपालकत्वाचा आदेश संपेल आणि त्यासोबत मिळणारे दरमहा 4000 रुपये थांबतील. वैष्णवीने तुमचे घर सोडावे, असे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. तुमची आणि तिची इच्छा असेल तोवर ती तुमच्याकडे राहू शकते. बदलणारी खरी गोष्ट वेगळीच आहे. आज काका तिला न्यायला आले, तर ‘समितीच्या आदेशाशिवाय पाठवता येणार नाही’ असे तुम्हाला ठामपणे सांगता येते. जून उजाडल्यावर हा आधार तुमच्या हाती राहणार नाही. जायचे की राहायचे, शिकायचे की लग्न करायचे, याचे उत्तर कायद्याने फक्त तिचे असेल. आणि आज ती ज्या सहजतेने तुम्हाला ‘तुम्ही सांगाल तसं’ म्हणते, त्याच सहजतेने ती काकांनाही म्हणेल. स्वयंपाक, बँक, प्रवास हे सगळे तिला शिकवायचे आहेच, पण या आठ महिन्यांत तिला स्वतःची निवड करता येणे आणि नको असेल तेव्हा नकार देता येणे, हे माझ्या मते त्या सगळ्याआधी यायला हवे.

ही मुलगी अशी का बोलते, ते समजून घेतले तर तुमचा तिच्यावरचा वैताग कमी होईल. सातव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत ती जिथे वाढली, तिथे उठण्याची वेळ घंटेवर, भाजी वेळापत्रकावर आणि अंगातला फ्रॉक देणगीच्या गठ्ठ्यातून मापाला येईल तो. कोणा अनोळखी देणगीदाराच्या मुलाचा वाढदिवस असला की रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या आणि केकचा तुकडा मिळाल्यावर ‘थँक्यू काका’ म्हणायचे. काळजीवाहक मायाळू असल्या तरी एकेकीच्या वाट्याला इतकी मुले असतात की कमीत कमी मागणारे मूल ‘गुणी’ ठरते आणि आवडनिवड सांगणारे ‘हट्टी’. तुमची वैष्णवी गुणी ठरलेली असणार. ज्या वागण्यामुळे ती तिथे निभावली, तेच वागणे तिने तुमच्या घरात आणले आहे. अशा मुलांसाठी जीवनकौशल्यांची एकदिवसीय शिबिरे भरवतात, प्रमाणपत्रेही देतात. मला त्यांचा फारसा भरवसा वाटत नाही, कारण निवड करण्याची सवय घरात, रोजच्या किरकोळ गोष्टींतूनच लागते.

सुरुवात दिवाळीच्या खरेदीपासून करा. या वेळी तिच्यासाठी ड्रेस आणू नका. ठरलेली रक्कम तिच्या हातात द्या, नवी पेठेत तिच्याबरोबर जा आणि दुकानाबाहेर थांबा. ती दहा मिनिटांत परत येऊन ‘काकू, तुम्हीच बघा’ म्हणेल. तेव्हा आत जाऊ नका, ‘मी इथेच आहे, तू बघून ये’ एवढेच म्हणा. तिने आणलेल्या कुर्त्याचा रंग पहिल्या धुण्यात गेला, तर ‘मला वाटलंच होतं’ हे वाक्य गिळून टाका. पुढच्या वेळी ती कापड उलटून पाहील, आणि नाही पाहिले तरी पैसे तिच्या निर्णयाने वाया गेले असतील, ही तिच्यासाठी नवी गोष्ट आहे. घरात तिला विचारले जाणारे प्रश्नही बदला. ‘भाजी कोणती करू?’ याला ‘कोणतीही’ हे उत्तर चालते. ‘आज भाजी तू ठरव, मंडईतून तूच आण’ याला ते चालत नाही.

नकाराचा सराव यापेक्षा अवघड आहे, आणि तो तुमच्यासाठी अवघड आहे, तिच्यासाठी नव्हे. तिचा पहिला नकार काकांना मिळणार नाही, तो तुम्हाला मिळेल. बहुधा नको त्या वेळी, पाहुण्यांसमोर, जरा तुटकपणे. तुम्ही गणवेशांची बटणे लावायला बोलावाल आणि ती म्हणेल, ‘माझा उद्या पेपर आहे, मी नाही येणार.’ नणंद म्हणतील, मुलीला शिंगे फुटली. त्या क्षणी तुम्ही नणंदेकडे पाहून ‘खरं आहे, तिचा पेपर आहे’ असे म्हणालात, तर नाही म्हटल्याने या घरातली जागा जात नाही, हे तिला तिथल्या तिथे कळेल. चार वर्षे तिला याचीच खात्री वाटलेली नाही. बॅगेतले कपडे दुसरे काय सांगतात?

त्या बॅगेविषयी तिला काही विचारू नका आणि कपाट लावून द्यायलाही जाऊ नका. आधी तुम्ही आणि यजमान दोघांनी बसून ठरवा की शिक्षण पूर्ण होईपर्यंत ती तुमच्याकडे राहणार की नाही. ठरले, की दोघांनी मिळून, शक्यतो जेवताना, तिला साध्या शब्दांत सांगा की 1 जूननंतरही तू इथेच आहेस. अशा मुलांना अठराव्या वर्षी काय होणार हे कोणी स्पष्ट सांगत नाही. ती आजूबाजूच्या कुजबुजीवरून अंदाज बांधतात आणि तो अंदाज नेहमीच वाईट असतो. मात्र तुमचे ठरलेले नसेल, तर खोटा धीर देऊ नका.

यजमानांच्या गप्प बसण्यामागे खर्चाबरोबर आणखी एक भीती असावी, ती म्हणजे उद्या मुलीचे काही बरेवाईट झाले तर लोक आपल्याला विचारतील. या भीतीला मी हसणार नाही. फक्त त्यांना एवढे विचारा की आपला मुलगा अठराचा झाला, तेव्हा ‘आता जबाबदारी संपली’ असे घरात कोणी म्हटले होते का. सोलापुरात मुले नोकरी लागेपर्यंत, मुली लग्न होईपर्यंत आणि बऱ्याचदा त्यानंतरही आईवडिलांच्या घरात असतात. पुण्यातल्या खोलीचे डिपॉझिटसुद्धा बहुतेक वेळा बापच भरतो. ज्या मुलीला मागे कोणीच नाही, तिच्याकडूनच आपण अठराव्या वाढदिवशी पूर्ण स्वावलंबनाची अपेक्षा करतो, हे मला उफराटे वाटते.

खर्चाच्या बाबतीत एक वाट आहे, पण ती आपोआप उघडत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेबाहेर पडणाऱ्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या मदतीची, तरतूद आहे. ते एकविसाव्या वर्षापर्यंत आणि 2016 च्या नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत आणखी 2 वर्षे मिळू शकते, आणि मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठीही दरमहा 4000 रुपये आहेत. अडचण अशी की कायद्याचे शब्द संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांविषयी आहेत आणि वैष्णवी आज तुमच्या घरात आहे. म्हणून अर्ज करताना ती सहा वर्षे बालगृहात होती हे सुरुवातीलाच लिहा, प्रवेशाचा आदेश जोडा, आणि अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत बालकल्याण समितीपुढे ठेवा. संस्थेतल्या मुलांसाठी परिविक्षा अधिकारी किंवा समाजकार्यकर्त्याने बाहेर पडण्याच्या 2 महिने आधी पुढचा आराखडा समितीला द्यावा, असा नियम आहे. तुमच्यासाठी ती वेळ एप्रिलच्या सुरुवातीला येते, पण तोवर थांबू नका. डिसेंबरातच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मंजुरी मिळेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. यजमानांनी घराचा हिशेब तो पैसा न धरता मांडावा.

पैशांचे व्यवहार तिला कसे शिकवायचे, याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. महिन्याच्या 1 तारखेला तिला तिच्या गरजांसाठी ठराविक रक्कम द्या. त्यात सॅनिटरी पॅड, साबण, मोबाइलचा रिचार्ज, वह्या, रिक्षा आणि मैत्रिणींसोबतचे खाणे हे सगळे आले. पहिल्या महिन्यात ते पैसे 18 तारखेला संपतील. तेव्हा आणखी देऊ नका. गरजेची वस्तू असेल तर पुढच्या महिन्याच्या रकमेतून उसनी द्या आणि वहीत तिच्याच अक्षरात लिहून घ्या. तुमच्या छपराखाली पैसे संपले तर चार दिवस पाणीपुरी बंद होते, एवढेच. खोली घेऊन एकटी राहताना संपले तर ती कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपच्या तावडीत सापडते. फोनवर ओटीपी विचारणारा माणूस बँकेचा नसतो, हे तिला पाठ असेलच. पण हप्त्यावर घेतलेल्या 12000 च्या फोनचे शेवटी किती रुपये भरावे लागतात, हे एकदा तिच्याकडूनच कागदावर मांडून घ्या. घराचे विजेचे बिल दोन महिने तिने भरावे. पाणी येण्याचा दिवसही तिने सांभाळावा, कारण काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात भाड्याची खोली बघताना भाड्याच्याही आधी पाण्याची चौकशी करावी लागते, आणि ही अक्कल पाणी भरल्याशिवाय येत नाही.

आता कागदपत्रे. या बाबतीत उशीर झाला तर नंतर फार फेऱ्या माराव्या लागतात. तिची जन्मतारीख 1 जून आहे; आपल्याकडे शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी हीच तारीख टाकत, त्यामुळे महापालिकेच्या जन्मनोंदीत वेगळी तारीख निघण्याची शक्यता असते. समितीने वय निश्चित केल्याचा आदेश असेल तर त्याची साक्षांकित प्रत मिळवा. प्रवेशाचा आणि प्रतिपालकत्वाचा आदेश, वडिलांचा मृत्यूचा दाखला, शाळा सोडल्याचे दाखले हे सगळे एका फाइलीत लावा आणि ती फाइल तिच्या ताब्यात द्या. आधार कार्डावर अजून बालगृहाचा पत्ता असेल तर तो बदला. दाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव अक्षर न अक्षर जुळते का ते बघा. बँकेत तिचे खाते असेल तर ते अल्पवयीन म्हणून उघडलेले असणार, अठरानंतर केवायसी आणि सही नव्याने द्यावी लागते. त्या काउंटरवर तुम्ही तिच्यामागे उभ्या राहा, पुढे नको. मतदार नोंदणीसाठी सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो.

कोणीतरी तुम्हाला अनाथ प्रमाणपत्र काढा म्हणून सांगेल. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे, आणि 2023 च्या शासन निर्णयाने संस्थेबाहेर वाढलेल्यांचाही त्यात समावेश केला आहे. परंतु ते आई आणि वडील दोघेही हयात नसलेल्यांसाठी आहे. वैष्णवीची आई हयात आहे, संपर्क नसला तरी. ‘आई वारली असं लिहून देऊ, माझी ओळख आहे’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या प्रमाणपत्रावर मिळालेली नोकरी दहा वर्षांनीही जाते.

तिच्या बाबतीत उपयोगी पडेल तो जातीचा दाखला, आणि इथे काकांचा संबंध येतो. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूच्या पुराव्यावर मिळतो. ती इतर मागास किंवा विशेष मागास प्रवर्गात मोडत असेल, तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा महापालिकेच्या तेलुगू किंवा मराठी शाळेत शिकलेले असतील, तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा निघू शकतो. काकांचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यांच्या मुलांचे दाखलेही कामाचे आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी पुढे पडताळणी प्रमाणपत्रही लागते आणि त्याला वेळ जातो. थोडक्यात, ज्या माणसाला दारातून हाकलावे असे तुम्हाला वाटते, त्याच्याच पेटीत तुमच्या मुलीच्या शिक्षणाचे कागद आहेत.

शिवाय काका वाईटच असतील असे मी धरून चालत नाही. भावाची मुलगी संस्थेत राहिली याची बोच त्यांना असू शकते, आणि मुलीचे लग्न लावून देणे हाच कर्तव्य पार पाडण्याचा एक मार्ग त्यांना ठाऊक असू शकतो. ज्या वयात मूल सांभाळायचे असते त्या वयात न फिरकलेले नातेवाईक कमावत्या किंवा लग्नाच्या वयात उगवतात, हेही मी अनेकदा पाहिले आहे. दोन्ही शक्यता मनात ठेवा. जूनआधी लग्न लावणे हा बालविवाह होईल आणि तो गुन्हा आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. घाई दिसली तर समितीला कळवा किंवा 1098 वर फोन करा. जूननंतरच्या स्थळाविषयी तुम्ही ‘हो’ही म्हणू नका आणि ‘नाही’ही म्हणू नका, ‘ते वैष्णवीला विचारा’ म्हणा आणि त्यांनी विचारताना तिच्या शेजारी बसा. वडिलांकडची माणसे, ते घरी तेलुगू बोलत असतील तर ती भाषा, आजी हयात असेल तर आजी, या सगळ्यांची ओढ तिला असू शकते. ती ओढ असली म्हणून तुमच्या चार वर्षांचे मोल कमी होत नाही. काकांकडे चार दिवस राहून यावे असे तिला वाटले, तर आताच समितीला कळवून, त्यांच्या परवानगीने, परतीचा दिवस ठरवून जाऊ द्या. जूननंतर पहिल्यांदाच आणि कायमचे जाण्यापेक्षा, परत येण्याचे घर असताना तिने ते घर बघितलेले बरे.

नणंदेच्या म्हणण्याचे थोडक्यात उत्तर असे की लग्नाने जबाबदारी संपत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. हाती कमाई नसलेली, माहेर नसलेली आणि कधी नाही न म्हणालेली मुलगी सासरी गेली आणि तिथे त्रास झाला, तर ती कोणाच्या दारात येणार?

नर्सिंगचे म्हणाल, तर ती एकदाच म्हणाली हे पुरेसे आहे. ही मुलगी दोनदा मागणारी नाही. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांपैकी एएनएम 2 वर्षांचे आणि जीएनएम 3 वर्षांचे असते. जाहिरातीतल्या सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग कोर्स’मध्ये पैसे घालण्याआधी त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते का, हा एकच प्रश्न विचारा. बारावीची परीक्षा संपली की तुमच्या ओळखीतल्या एखाद्या परिचारिकेशी तिची गाठ घालून द्या. रात्रपाळी, उभ्याचे काम आणि पगार यांविषयी तिने स्वतः विचारावे. ते ऐकून तिने बेत बदलला तरी हरकत नाही. मग तो तिने बदललेला असेल.

काकांना दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी जेवायला बोलवा आणि यजमानांना घरी राहायला सांगा. दाखल्यांच्या कोणत्या प्रती हव्या आहेत त्याची यादी वैष्णवीने आदल्या रात्री लिहून ठेवावी, आणि जेवण झाल्यावर काकांकडे ती मागणी तिनेच करावी. ती अडखळली, तरी वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.